अडचणीपुरता कापूस

१८६० साली ब्रिटनच्या बंदरांत सुमारे १३९ कोटी पौंड वजनाचा कापूस उतरला. त्याआधी कोणत्याही वर्षी एवढा कापूस तिथे आला नव्हता. त्यातला जवळपास चार-पंचमांश अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून आलेला होता. दोनच वर्षांनी, १८६२ साली, ही आवक ५२ कोटी पौंडांच्या आसपास आली. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि लाखो कामगार मदतीच्या रांगेत उभे राहिले. त्याच काळात सात समुद्रांपलीकडे मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५च्या पावसाळ्यात तो ओसरताना निम्मे शहर सोबत घेऊन गेला. लँकेशायरचा ‘कापूस-दुष्काळ’ आणि मुंबईची ‘शेअर मॅनिया’ या दोन गोष्टी बहुधा वेगवेगळ्या सांगितल्या जातात, पण त्या एकाच साखळीची दोन टोके आहेत. एकाच ठिकाणाहून माल घेण्याची सवय मोडू नये आणि संकट आले की दुसऱ्या ठिकाणी धाव घ्यावी, असे वागल्याने धोका कमी होत नाही. तो साखळीतल्या सर्वांत दुबळ्या कडीकडे सरकतो. १८६१ ते १८६५ या काळाचा क्रम नीट लावून पाहिला की हे स्पष्ट दिसते.

अमेरिकन कापसावरचे हे अवलंबित्व मूर्खपणातून आलेले नव्हते. १७९३ साली एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र बनवल्यापासून दक्षिणेत कापसाची लागवड सतत पसरत गेली होती. १८६० पर्यंत तिथे गुलाम माणसांची संख्या ४० लाखांच्या घरात पोहोचली होती आणि त्यांच्या सक्तीच्या श्रमांवर हा सगळा व्यापार उभा होता. मिसिसिपीसारख्या नद्यांतून गाठी न्यू ऑर्लिन्सला उतरत आणि तिथून काही आठवड्यांत लिव्हरपूलला पोहोचत. धागा लांब, माल स्वच्छ, प्रत ठरलेली आणि भाव परवडणारा होता. लँकेशायरची यंत्रे याच धाग्याच्या लांबीला जुळवलेली होती. त्याच्या तुलनेत हिंदुस्थानचा कापूस आखूड धाग्याचा होता, त्यात पाला, माती आणि सरकीचे तुकडे असत आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून तो पोहोचायला तीन-चार महिने लागत. इंग्लंडात त्याला सरसकट ‘सुरती’ म्हणत. अमेरिकन माल महागला की थोडा सुरती घ्यायचा आणि भाव उतरला की सोडून द्यायचा, हा लिव्हरपूलचा जुना रिवाज होता.

धोक्याची जाणीव नव्हती असेही नाही. १८४० साली ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून कापूस पिकवणारे जाणकार हिंदुस्थानात आणून प्रयोग करवले. बहुतेक ठिकाणी ते फसले, धारवाडकडे मात्र अमेरिकन वाण रुजला. १८४८ साली जॉन ब्राइट यांच्या अध्यक्षतेखाली संसदीय समितीने हिंदुस्थानातल्या कापसाची चौकशी केली, तेव्हा रस्त्यांचा अभाव आणि शेतकऱ्याची हलाखी या गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. १८५७ साली मँचेस्टरात ‘कॉटन सप्लाय असोसिएशन’ स्थापन झाली. गुलामगिरीवर उभा असलेला पुरवठा कधीतरी कोसळणार, हे तिच्या सभासदांना दिसत होते. तिने देशोदेशी बियाणे आणि सरकी काढण्याची यंत्रे पाठवली. जी एक गोष्ट सर्वांत गरजेची होती ती मात्र कोणीच केली नाही. हिंदुस्थानचा कापूस ठरावीक प्रमाणात, ठरावीक भावाने, वर्षानुवर्षे विकत घेण्याची हमी कोणी दिली नाही. मँचेस्टरचे व्यापारी खुल्या बाजाराचे कट्टर पुरस्कर्ते होते, तरी रस्ते आणि कालवे हिंदुस्थान सरकारने बांधावेत असा त्यांचा आग्रह होता. भारतमंत्री चार्ल्स वुड यांचे म्हणणे होते की चांगला भाव द्या, कापूस आपोआप येईल. दोघेही दुसऱ्याने खर्च करण्याची वाट पाहत राहिले.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्धाला तोंड फुटले आणि १९ एप्रिलला अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. दक्षिणेच्या पुढाऱ्यांना त्याची फारशी धास्ती वाटली नाही. कापसावाचून ब्रिटनचे चालणारच नाही, अशी त्यांची खात्री होती. जेम्स हॅमंड यांनी १८५८ साली सिनेटमध्ये कापूस हाच राजा असल्याचे ठणकावून सांगितले होते. ब्रिटनने आपल्या बाजूने उतरावे म्हणून दक्षिणेने पहिल्या वर्षी स्वतःहूनच कापूस रोखून धरला. पण त्या वर्षी लँकेशायरला चटका बसला नाही. आधीच्या हंगामात अमेरिकेचे पीक भरघोस आले होते, लिव्हरपूलची गोदामे भरलेली होती आणि गिरण्यांनी इतके कापड काढले होते की हिंदुस्थान आणि चीनचे बाजार तुंबले होते. साठ्याने आपले काम चोख केले आणि जवळपास वर्षभराची उसंत मिळवून दिली. ही उसंत वाया गेली. युद्ध उद्या संपेल आणि अमेरिकेत अडकलेल्या गाठी एकदम बाहेर येतील, या भीतीने कोणी लांब पल्ल्याचे करार केले नाहीत. काही गिरणीमालकांना तर हाती असलेला कापूस कातण्यापेक्षा चढत्या भावाने विकून टाकणे फायद्याचे वाटले आणि त्यातल्या काही गाठी उलट अमेरिकेच्या उत्तर भागाकडे रवाना झाल्या. मालकांना नफा झाला आणि पुढचा उपवास कामगारांच्या वाट्याला आला.

१८६२च्या उन्हाळ्यापासून गिरण्या धडाधड बंद पडू लागल्या. वर्षअखेरीस लँकेशायर आणि आसपासच्या भागांत पाच लाखांच्या आसपास माणसे सरकारी किंवा धर्मादाय मदतीवर जगत होती. घरातली भांडी-कपडे गहाण पडले, जागोजागी अन्नछत्रे निघाली, कामगार मुलींसाठी शिवणवर्ग उघडले गेले. जिथे सुरती कापूस चालवला जाई तिथेही हाल होतेच. आखूड धागा पुन्हा पुन्हा तुटे, यंत्र थांबे, आणि मजुरी नगावर ठरत असल्यामुळे पूर्ण दिवस राबूनही हाती थोडेच पैसे पडत. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांच्या सभेने लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठवले आणि लिंकन यांनी जानेवारीत त्याला कृतज्ञतेने उत्तर दिले. गुलामगिरी संपावी म्हणून स्वतःची चूल थंड ठेवायला तयार झालेल्या या माणसांचा आदर वाटतो. सगळेच मात्र सोसत राहिले नाहीत. मार्च १८६३ मध्ये स्टेलीब्रिजला मदतीच्या पद्धतीवरून दंगल उसळली. त्यानंतर सरकारने कायदा करून बेकारांना सार्वजनिक बांधकामांवर काम देण्याची सोय केली. मलनिस्सारणाचे नळ, रस्ते, ओल्डहॅमचे अलेक्झांड्रा पार्क ही त्या काळातली कामे आहेत.

इकडे हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ब्रिटनला जाणारा हिंदुस्थानी कापूस १८६० साली सुमारे २० कोटी पौंड होता, तो १८६४ साली ५० कोटींवर गेला. लिव्हरपूलचे भाव युद्धापूर्वीच्या तिप्पट-चौपट झाले. पण या आकड्यांमागची वाट खडतर होती. वऱ्हाडातला कापूस खामगावच्या बाजारात येई आणि तिथून बैलगाड्यांनी किंवा बैलांच्या पाठीवरून मुंबईच्या वाटेला लागे. वाटेत धूळ, पाऊस आणि दिरंगाई ठरलेली असे. रेल्वे १८५३ पासून धावत होती, पण सह्याद्री मध्ये आडवा होता. बोरघाटाची चढण १८६३ साली आणि थळघाटाची १८६५ साली खुली झाली. म्हणजे वऱ्हाडाला मुंबईशी थेट जोडणारा घाटमार्ग तयार झाला तो युद्ध संपत आले तेव्हा. मालाच्या प्रतीचीही तीच गत होती. कापूस वजनावर विकला जाई, निरनिराळ्या गावांचा माल अडत्याकडे एकत्र होई आणि स्वच्छ वेचणी करणाऱ्याला जादा पैसा मिळत नसे. मग गाठीत सरकी, पाणी, माती मिसळून वजन वाढवणे हाच फायद्याचा मार्ग उरला. मुंबई सरकारने १८६३ साली कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा केला आणि तपासनीस नेमले. विश्वास कायद्याने एका हंगामात तयार होत नाही. त्यासाठी विकणारा आणि घेणारा यांचा वर्षानुवर्षांचा संबंध लागतो आणि नेमका तोच कधी जुळू दिला गेला नव्हता.

एवढे असूनही पैसा आला आणि तो अफाट आला. युद्धाच्या पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या उत्पन्नापेक्षा सुमारे ८ कोटी १० लाख पौंड स्टर्लिंग अधिक मिळाले, असा अंदाज त्या काळच्या लेखकांनी नोंदवला आहे. हा पैसा लावायचा कुठे, हा प्रश्न होता. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडले जात होते आणि समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना निघत होत्या. १ जानेवारी १८६५ रोजी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या, २० विमा कंपन्या आणि आणखी कितीतरी भागभांडवली कंपन्या होत्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या शेअरवर पन्नास हजारांपर्यंत भाव चढला. शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांचा शब्द बाजारात नाण्यासारखा चाले. बॉम्बे बँकेत सरकारचे भाग आणि सरकारने नेमलेले संचालक होते, तरी १८६३च्या नव्या कायद्याने तिला शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मुभा मिळाली आणि तिने ती सढळ हाताने वापरली. वरवर पाहता मुंबईची संपत्ती शेकडो कंपन्यांत वाटलेली दिसे. प्रत्यक्षात ती सारी एकाच भावावर टेकलेली होती. लँकेशायर एका पुरवठादारावर विसंबले होते, मुंबई आता एका गिऱ्हाइकाच्या अडचणीवर विसंबली होती.

या तेजीची किंमत तेजीतच काही जणांनी मोजली. कापूस परदेशी ओढला गेल्यामुळे देशातल्या हातमाग विणकरांना सूत परवडेनासे झाले आणि अनेकांचे माग थांबले. धान्य महाग झाले. मुंबईत मजुरी वाढली, पण राहणे आणि खाणे त्याहून महागले. दुसऱ्या बाजूला, जमीन असलेल्या शेतकऱ्याच्या हाती कधी न पाहिलेला रोकड पैसा आला. नागपूर भागात काहींनी नांगराचे फाळ आणि गाडीच्या चाकांच्या धावा चांदीच्या करून घेतल्याची हकिकत कापूस-आयुक्त रिव्हेट-कार्नाक यांनी सांगितली आहे. ज्या खेड्यात पैसा ठेवायला बँक नाही, तिथे चांदी घेणे ही उधळपट्टी म्हणता येत नाही, ती बचतच होती. पण बहुतेकांच्या बाबतीत वाढलेल्या भावाने वाढली ती पत. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले, कारण तारण असलेल्या जमिनीची आणि पिकाची किंमत रोज चढत होती.

९ एप्रिल १८६५ रोजी अॅपोमॅटॉक्स येथे दक्षिणेचे जनरल ली यांनी शरणागती पत्करली. ही बातमी मुंबईत येताच कापसाचे भाव कोसळले आणि त्यामागोमाग शेअर. वायद्याचे असंख्य व्यवहार १ जुलै १८६५ ही तारीख धरून झालेले होते. त्या दिवशी देणी चुकती करायला जवळपास कोणाकडेच पैसा नव्हता. ज्या शेअरवर कर्ज दिले त्यांना किंमत उरली नाही आणि ज्यांनी कर्ज घेतले ते दिवाळ्यात गेले. बॉम्बे बँकेचा एके काळी २,८५० रुपयांवर गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. पुढे ती बँकच गुंडाळावी लागली, १८६८ साली तिच्या कारभाराची चौकशी झाली आणि नवी बँक उभी करावी लागली. शहराला केवढा फटका बसला हे शिरगणतीतही दिसते. १८६४ साली मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ मोजली गेली, १८७२ साली ती ६,४४,४०५ भरली. तेजीने ओढून आणलेली माणसे काम संपताच निघून गेली होती.

लिव्हरपूलने आपला जुना रिवाज पुन्हा सुरू केला. अमेरिकन कापूस हळूहळू परत आला, पुढच्या दशकात त्याने आपले स्थान परत मिळवले आणि हिंदुस्थानी माल पुन्हा दुय्यम ठरला. कॉटन सप्लाय असोसिएशनसारख्या संस्थांचा उत्साह मावळला. इजिप्तचे भोग आणखी कठीण होते. तिथे युद्धकाळात कापसाची निर्यात कित्येक पटींनी वाढली आणि त्या उत्पन्नाच्या भरवशावर खेदिव इस्माईलने प्रचंड कर्जे काढली. भाव उतरले तरी कर्जे उतरली नाहीत. १८७५ साली सुवेझ कालव्यातला हिस्सा विकावा लागला, १८७६ साली दिवाळे निघाले आणि १८८२ साली ब्रिटिश फौजा देशात शिरल्या. लँकेशायरच्या तात्पुरत्या गरजेची किंमत एका देशाने आपले स्वातंत्र्य देऊन चुकवली.

दख्खनमधली गोष्ट सावधपणे सांगायला हवी. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यात, सुपे गावी, शेतकऱ्यांनी सावकारांची घरे आणि दुकाने गाठून कर्जरोखे हिसकावले आणि जाळले. हा उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरला. हा भाग वऱ्हाडासारखा कापसाचा नाही आणि उठावाचे मूळ फक्त अमेरिकन युद्धात शोधणे चूक ठरेल. नवे मुदतीचे कायदे, दिवाणी कोर्टांची पद्धत, रेल्वेच्या बांधकामावरची मजुरी थांबणे अशी अनेक कारणे एकत्र आली होती. पण उठावानंतर नेमलेल्या चौकशी आयोगानेच दाखवून दिले की युद्धकाळातल्या चढ्या भावांनी कर्ज सोपे केले आणि भाव उतरताच तेच कर्ज गळ्याशी आले. त्यात सरकारने तेजीच्या काळातले भाव डोळ्यांपुढे ठेवून १८६७ पासून इंदापूर, भीमथडी भागांत शेतसारा चांगलाच वाढवला. पुणे सार्वजनिक सभेने शेतकऱ्यांची परिस्थिती तपासून १८७३ साली या वाढीविरुद्ध आवाज उठवला होता. उठावानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. सावकाराने वाढत्या भावावर कर्ज दिले, सरकारने वाढत्या भावावर सारा ठरवला आणि घसरत्या भावाचा सगळा भार मात्र शेतकऱ्याने उचलला.

या साऱ्या मांडणीवर दोन आक्षेप घेता येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की अमेरिकन कापूस स्वस्त आणि सरस होता, मग गिरणीमालकांनी वर्षानुवर्षे महाग आणि दुय्यम माल का घ्यावा? धंदा म्हणजे धर्मादाय नव्हे. हे खरे आहे, पण हा हिशेब अर्धाच आहे. सुरतीची प्रत जन्मजात हलकी होती असे म्हणता येत नाही. धारवाडचा अमेरिकन वाण आणि हिंगणघाटचा कापूस चांगल्यापैकी मानला जाई. प्रत बिघडत होती ती भेसळ, वाहतूक आणि मधल्या हातांमुळे, आणि या गोष्टी सुधारतात त्या खात्रीचे गिऱ्हाईक असेल तरच. गरजेचा दहावा-पाचवा हिस्सा ठरलेल्या भावाने नेमाने घेतला असता तर त्याचा जादा खर्च विम्याच्या हप्त्याइतका झाला असता. तो वाचवला गेला आणि नंतर पाच लाख माणसांना पोसण्यात, बंद गिरण्यांत आणि चौपट भावात कितीतरी पटींनी भरला गेला. शिवाय ज्यांनी हप्ता वाचवला आणि ज्यांनी नुकसान भरले ती माणसे वेगळी होती. म्हणूनच हा निर्णय निव्वळ बाजारावर सोडणे योग्य नव्हते.

दुसरा आक्षेप मुंबईच्या बाजूने येतो. तेजी नसती तर आजची मुंबई उभी राहिली असती का? विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि ग्रंथालय प्रेमचंदांच्या देणगीतून झाले, समुद्र हटवून मिळालेली जमीन शहराला पुढे उपयोगी पडली, आणि गिरणधंद्यात शिरणारा एक धाडसी व्यापारी वर्ग त्याच काळात तयार झाला. हे सारे मान्य करायला हवे. पण मुंबईची पहिली सूतगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी युद्धाच्या आधीच, १८५४ साली, हाती घेतली होती. मंदीनंतरही जे टिकले ते बहुतांशी संथपणे आणि टिकाऊ कामात घातलेल्या पैशातून टिकले. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली, खामगावची शाखा १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाली, गाठी बांधण्याचे दाबखाने कापसाच्या गावी गेले. जमशेटजी टाटा हे तर या काळाचे जिवंत उदाहरण ठरले. कापसाच्या व्यवहारासाठी तरुणपणी ते लंडनला गेले आणि तिथेच मंदीने गाठल्यामुळे त्यांना धनकोंच्या बाजूने घराण्याचा व्यवहार निस्तरावा लागला. पुढे त्यांनी गिरणी काढली ती मुंबईत नव्हे, तर नागपुरात, कापसाच्या शेतांजवळ आणि रेल्वेच्या काठी. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. दूरच्या बंदरातल्या भावावर सगळा डाव न लावता कच्चा माल, वाहतूक आणि बाजार यांची साखळी जवळ आणण्याचा तो विचार होता.

२०२० च्या महासाथीने आणि २०२१ साली सुवेझ कालव्यात सहा दिवस अडकलेल्या एव्हर गिव्हन जहाजाने पुरवठ्याच्या साखळ्यांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. आज जगभरच्या कंपन्या चीनखेरीज आणखी एक देश हाताशी ठेवण्याची भाषा बोलतात आणि त्या यादीत भारताचे नाव ठळक असते. अशा वेळी १८६० च्या दशकाचा अनुभव दोन्ही बाजूंना उपयोगी पडावा. घेणाऱ्याने लक्षात ठेवावे की गोदामातला साठा फक्त वेळ मिळवून देतो, आणि दुसरा पुरवठादार संकटात उपयोगी पडतो तो आधीच्या शांत वर्षांत त्याला पोसले असेल तरच. विकणाऱ्याने मागणीच्या आकड्याला भुलण्याआधी कराराची मुदत, भावाची हमी आणि प्रतीला मिळणारा मोबदला तपासावा. एका हंगामाच्या भावावर शेतकऱ्याला कर्ज देऊ नये, सारा किंवा कर वाढवू नये आणि बँकेचा पैसा लावू नये. लँकेशायरला युद्ध टाळता येणार नव्हते, खामगावच्या शेतकऱ्याला तर ते कुठे चालले आहे हेही ठाऊक नव्हते. पण धक्का आल्यावर तो कोणी सोसायचा हे युद्धाने ठरवले नाही. युद्धापूर्वीच्या वीस वर्षांत न झालेल्या करारांनी, न बांधलेल्या रस्त्यांनी आणि न भरलेल्या हप्त्यांनी ते ठरवून ठेवले होते. पुढच्या धक्क्याचा भार कोणावर पडणार, हेही आजच्या शांत वर्षांतल्या करारांतच लिहिले जात आहे.